सुक्या डांबरावर फोर बाय फोर: मासळीच्या एका पिकअपचं पूर्ण प्रकरण

तक्रार स्टिअरिंगची होती. हर्णैच्या बंदरावरून मासळी भरून कराडला जाणारी फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी पिकअप, शेठ दापोली तालुक्यातलेच, चालवणारा पंचविशीतला पोरगा, हात चांगला आणि गाडीवर जीव असलेला. दिवाळी उरकल्यावर कोरड्या दिवसांत गाडी आमच्या गॅरेजला आली तेव्हा एका ठिकाणी पॉवर स्टिअरिंगचं ऑइल बदलून झालं होतं, अलाइनमेंट झालं होतं, आणि आता रॅकच, म्हणजे स्टिअरिंगची फिरकी चाकांपर्यंत नेणारा भाग, बदला असं सांगितलं होतं. रॅकचा खर्च ऐकून शेठ गाडी घेऊन इकडे आले.

कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण ह्यात कंपनीचा काहीच दोष नाही, हेच दुसऱ्या कुठल्याही पार्ट टाइम फोर बाय फोरला, म्हणजे पुढची चाकं हवी तेव्हाच लिव्हरने जोडायची अशा गाडीला, असंच्या असं होईल. म्हणूनच सगळं सविस्तर लिहितोय, किनाऱ्याला अशा गाड्या आता खूप झाल्यात आणि लिव्हर कधी लावायचा हे गाडी देताना कोणी नीट समजावत नाही.

मी पोराला आधी एवढंच विचारलं की जड कधी लागतं.

"मिस्त्री, सरळ रस्त्याला तेवढं काय नाय. पण आसूदची वळणं लागली की कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी वाटते, हँडब्रेक राहिलाय का बघतो मी दरवेळी. आणि कुंभार्ली घाटात एकदम घट्ट वळण आलं की पुढून टक टक करून उड्या मारते."

"तेव्हा लिव्हर कुठे असतो?"

"फोर एचला. घाट आहे ना, मागे टनभर माल आणि बर्फ. चारी चाकं ओढली तर पकड चांगली."

फोर एच म्हणजे चारी चाकांना ताकद. इथेच निम्मं प्रकरण उलगडलं होतं. पण नुसतं "डांबरावर लावू नको" सांगून पाठवलं असतं तर तो महिन्याभराने परत आला असता, कारण लिव्हर लावायला त्याच्याकडे तीन कारणं होती आणि तीनही त्याच्या जागी बरोबर वाटणारी. एक घाटातली पकड. दुसरं शेठनी सांगितलेलं की फोर बाय फोर अधूनमधून चालवत जा नाहीतर जाम होतं, जे खरंच आहे, बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात तसं लिहिलेलं असतं म्हणजे पुढच्या भागाला ऑइल फिरतं राहतं. आणि तिसरं त्याने सगळ्यात शेवटी, जरा अडखळत सांगितलं, की खरं तर बंदराच्या वाळूतून वर आल्यावर तो लिव्हर मागे घ्यायला बघतो पण कधीकधी तो येतच नाही, मग लिलावाचा माल, बर्फ वितळतोय, कराडला पोचायची घाई, म्हणून तो तसाच निघतो. माझ्या मते तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कोणी विचारलं नव्हतं.

आता लिव्हर लावल्यावर आत काय होतं ते बघू. मागच्या हाउसिंगमध्ये डिफरन्शियल असतं हे सगळ्यांना माहीत आहे, वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आतलं कमी, ते काम डिफरन्शियल करतं. पुढच्या एक्सललाही तसंच वेगळं असतं. पण पुढचा एक्सल आणि मागचा एक्सल ह्यांच्यामध्ये पार्ट टाइम गाडीत काहीच नसतं. लिव्हर फोर एचला टाकला की ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी, पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (एक्सलपर्यंत ताकद नेणारे दांडे) एकमेकांना घट्ट बांधून टाकते, दोघांनी सारख्याच फेऱ्या मारायच्या, एकाने जास्त एकाने कमी असं चालत नाही. आणि वळणावर तर पुढची चाकं मागच्यापेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. भरलेली पिकअप वळवताना मागचं चाक कसं आतून, कठड्याला घासत येतं बघा, तोच हा फरक.

किती फरक, ते आकड्यात सांगतो कारण शेठना आकडा सांगितल्यावरच पटलं. आपल्याकडच्या डबल कॅब पिकअपचा व्हीलबेस साधारण ३.१ मीटर, हायलक्सचा ३०८५ मिमी आणि व्ही-क्रॉसचा ३०९५. समजा घाटातल्या घट्ट वळणाला मागच्या एक्सलचा मधला भाग १० मीटर त्रिज्येने फिरतोय, तर पुढचा एक्सल जवळजवळ १०.४७ मीटरने फिरतो. अर्धं वर्तुळ पूर्ण होईपर्यंत मागचा ३१.४ मीटर गेला आणि पुढचा ३२.९. म्हणजे एका वळणात दीड मीटरचा फरक. अठरा इंची रिमच्या टायरचा घेर साधारण २.४ मीटर धरला तर पुढच्या चाकांना अर्ध्या फेरीपेक्षा जास्त फेरी जादा हवी आहे, आणि हाउसिंगचा रेशो चारच्या आसपास असतो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या चार, म्हणून शाफ्टच्या हिशोबात ती होते अडीच फेऱ्या. ह्या अडीच फेऱ्या कुठेतरी जायला हव्यात. वाळूत, चिखलात, मातीच्या रस्त्यावर चाकं जराजरा घसरतात आणि हिशोब मिटतो, आपल्याला कळतही नाही. सुक्या डांबरावर टायर सोडत नाही, भरणे नाक्याच्या पुढे हायवेचं काँक्रीट आहे ते तर त्याहून सोडत नाही, मग ओला पंचा दोन टोकांनी पिळावा तसा सगळा ताण शाफ्ट, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळता जोड), चेन, गिअर आणि एक्सलमध्ये भरत जातो. शेवटी टायरची पकड सुटते तेव्हा गाडी ती उडी मारते. ती टक टक म्हणजे डांबरावर रबर सुटल्याचा आवाज, रॅकचा त्यात काही संबंध नाही.

आणि लिव्हर मागे येत नव्हता तोही ह्याच ताणामुळे. ट्रान्सफर केसमध्ये जी सरकती स्लीव्ह दोन शाफ्टना बांधते तिच्या दातांवर एवढा दाब येतो की ती सरकतच नाही. बंदरावरून वर येताना शेवटचा तुकडा काँक्रीटचा आणि वळणाचा, तिथेच ताण भरायचा, आणि नेमकं तिथेच पोरगा लिव्हर ओढायला बघायचा. लिव्हर खराब नव्हता, आतून पिळून धरलेला होता.

हे बोलून दाखवण्यापेक्षा करून दाखवलं. गॅरेजसमोर डांबर आहे, तिथे गाडी फोर एचला टाकून माणसाच्या चालायच्या वेगात पूर्ण कट मारून, म्हणजे स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून, फिरवली, अर्धा गोल होईपर्यंत पुढची चाकं ओरडायला लागली आणि गाडी ॲक्सिलरेटर सोडल्याबरोबर जागेवर थांबली, पुढे ढकलली जाईना. लिव्हर ओढून बघितला, दगड. मग गाडी मागच्या मातीच्या मैदानात नेली, स्टिअरिंग सरळ करून रिव्हर्समध्ये थोडी मागे घेतली, पाय सोडला आणि पोराला म्हटलं आता दोन बोटांनी ओढ. ठप्प असा आवाज आला आणि लिव्हर टू एचला, म्हणजे ताकद नुसत्या मागच्या चाकांना. परत डांबरावर आणली, तोच पूर्ण कट, स्टिअरिंग एका हाताने फिरतंय. शेठ नुसते बघत राहिले. रॅक, पंप, बॉल जॉइंट सगळं शाबूत होतं, बदललेलं ऑइलसुद्धा फुकट गेलं होतं.

खरं म्हणजे इथे थांबता आलं असतं, पण एक गोष्ट जुळत नव्हती. पोरगा म्हणाला होता सरळ रस्त्याला "तेवढं" काय नाही. म्हणजे थोडं होतं. सरळ रस्त्यावर पुढची मागची चाकं सारखंच अंतर जातात, ताण यायचं कारण नाही. म्हणून टायर बघितले. मागे दोन नवे, पुढे दोन बरेच झिजलेले. पिकअपवाल्यांची ही जुनी पद्धत आहे, वजन मागे म्हणून नवे टायर मागे, पैसे आले की पुढचे. टू व्हील ड्राइव्ह गाडीत त्यात काही वावगं नाही. पण फोर एचमध्ये शाफ्ट बांधलेले असताना पुढचं चाक लहान आणि मागचं मोठं म्हणजे पुढच्याला दर किलोमीटरला जादा फेऱ्या हव्या. नक्षीत ५ मिमीचा फरक असला तर कागदावर घेरात ३१ मिमीचा फरक पडतो, रेडियल टायर रस्त्यावर दबून चालतो म्हणून तेवढा पूर्ण येत नाही, पण आम्ही टायरवर खडूची खूण करून गाडी सरळ ढकलत मोजली तर दहा फेऱ्यांत वीतभर फरक आला. वीतभर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. हर्णै ते कराड ह्या रस्त्यात त्या विती किती होतात बघा.

आणि वाईट हे की दोन्ही ताण एकाच दिशेला. वळणावरही पुढच्या चाकांनाच जादा फेऱ्या हव्या असतात आणि लहान टायरमुळे सरळ रस्त्यावरही पुढच्यांनाच. उलटं असतं, म्हणजे नवे टायर पुढे असते, तर वळणावर थोडं तरी एकमेकांना मिटवलं असतं. वरून मागे टनभर माल, मागची चाकं डांबराला चिकटून, घसरून ताण सोडायला वाव कमी. मालाने मागचा टायर जरा बसतो आणि घेर किंचित कमी होतो हे खरं, पण एवढ्याने भागत नाही.

मग खाली शिरलो. पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस काढून हातात घेतला, चारपैकी दोन टोकांवर बेअरिंगच्या सुयांच्या बारीक समांतर रेघा उमटलेल्या, नखाने चाचपल्या तर लागत होत्या, आणि कपात ग्रीसच्या जागी लालसर कोरडी भुकटी. लाल रंग गंजाचा, तो वाळूतल्या खाऱ्या पाण्याचा प्रताप, पण रेघा पाण्याने पडत नाहीत. फिरण्याऐवजी जागच्या जागी जबरदस्त दाब सोसल्यावर सुया अशा रुततात. ट्रान्सफरचं ऑइल सोडलं तर राखाडी, उन्हात धरलं की चमचमतंय, ड्रेन बोल्टच्या चुंबकावर लोखंडी चुऱ्याचा दाट लेप. पण तुकडे नव्हते. लेप म्हणजे झीज आणि तुकडा म्हणजे तुटलेला दात, ह्यात मोठा फरक आहे, तुकडा सापडला असता तर गाडी तिथेच उघडली असती. ह्या गाडीत पुढच्या शाफ्टला ताकद चेनने जाते आणि शाफ्ट हाताने पुढेमागे हलवून बघितला तर मोकळीक नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे चेन लांबली होती. सीव्ही जॉइंट, म्हणजे पुढच्या चाकांना फिरवणारे वळते जोड, वाचले होते, त्यांच्यावरच्या एका बूटला (रबरी टोपीला) चीर होती म्हणून तो बदलला.

आता घाटातल्या पकडीचा मुद्दा, कारण पोराचा खरा विश्वास तिथे होता आणि तो मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. सुक्या घाटात भरलेल्या पिकअपच्या मागच्या चाकांवर एवढं वजन असतं की ती घसरत नाहीत, जी पकड कमीच पडत नाही ती चार चाकांत वाटून काय मिळणार. उलट फोर एचमध्ये पुढचा भाग सरळ जायला बघतो, वळणात गाडी रुंद जाते. कुंभार्लीत आतल्या बाजूने वर चढताना गाडी हातभर रुंद गेली आणि समोरून एसटी येत असली तर ते हातभर कुठून आणायचे? उतारावर ब्रेक लागतात ते फोर बाय फोर असो नसो चारी चाकांनाच लागतात, लिव्हर टाकल्याने गाडी लवकर थांबत नाही. उतरताना इंजिनाचा ब्रेक हवा तर गिअर खाली टाका, तिसरा किंवा दुसरा, त्याला ट्रान्सफरची गरज नाही. हे त्याला पटायला शेवटी त्याच गाडीतून टू एचला घाट एकदा चढून उतरून यावं लागलं. परत आल्यावर म्हणाला, "हलकी चालते मिस्त्री, डिझेल पण कमी खाईल बहुतेक." खाईलच. ताण भरायला लागणारी ताकद डिझेलमधूनच जात होती.

पावसाचं लोक नेहमी विचारतात म्हणून तेही इथेच सांगतो. जून-जुलैत आपल्याकडे डांबर दिवसेंदिवस सुकत नाही, मग लावायचं का? ओल्या डांबरावर टायर जरा सुटतो म्हणून ताण कमी भरतो, तरी भरतो, आणि चांगल्या नक्षीच्या टायरला साध्या ओल्या रस्त्यावर त्याची गरजही नसते. रस्त्यावर दरडीची लाल माती वाहून आली, साइडपट्टी खचून चिखल झाला, वरच्या वाडीचा चढ शेवाळलाय, अशा तुकड्यात लावा आणि तुकडा संपला की काढा. वाळूत, चिरेखाणीत, आंब्या-काजूच्या बागेतल्या मातीच्या रस्त्यात, भाताच्या शेतातून निघताना बिनधास्त लावा, त्यासाठीच दिलंय. अधूनमधून चालवायचा नियमही अशाच ठिकाणी पाळायचा, मातीचा सरळ रस्ता बघून थोडं अंतर, डांबरी घाटात नाही.

आणि मातीतून डांबरावर यायच्या आधी, अजून चाकं मातीत असतानाच, लिव्हर मागे. ह्या पोराला मी बंदरावरची जागाच ठरवून दिली, वाळू संपून काँक्रीट सुरू व्हायच्या आधी जिथे जमीन घट्ट आहे पण अजून रेती आहे, तिथे थांबायचं, स्टिअरिंग सरळ, टू एच, डॅशवरचा दिवा गेला बघायचा, मग वर चढायचं. इलेक्ट्रिक नॉबच्या गाड्यांत नॉब फिरवला तरी दिवा मिचमिचत राहतो, कारण मोटर ओढतेय पण स्लीव्ह अडकलीय, तेव्हा लोकांना वाटतं सेन्सर गेला. सेन्सर नाही, ताण आहे. तरीही डांबरावर आल्यावर अडकलाच तर लिव्हरला पाय लावून लाथ मारू नका, आत स्लीव्ह सरकवणारा फोर्क वाकतो. सरळ रिव्हर्स घ्या, नाही सुटला तर एका बाजूची दोन चाकं साइडपट्टीच्या खडीवर उतरवून थोडं पुढेमागे करा. पुढचं एक चाक जॅकवर उचलून ताण सोडवणारे मी बघितलेत, चाक सुटतं तेव्हा झटक्यात फिरतं, हात असला तर हात जाईल आणि गाडी जॅकवरून उतरेल ते वेगळं. ते करूच नका.

शेठनी मधेच विचारलं की मग अमक्याची फॉर्च्युनर तर कायम फोर बाय फोरच असते, त्याचं काही होत नाही. बरोबर आहे. भारतात २००९ ला आलेली पहिली फॉर्च्युनर फोर बाय फोर फुल टाइम होती, तिच्या दोन एक्सलमध्ये टॉर्सन डिफरन्शियल होतं, म्हणजे जे आपल्या पिकअपमध्ये नाही तेच. २०१६ ला नवीन फॉर्च्युनर आली ती पार्ट टाइम झाली, नाव तेच आणि नियम बदलला. हायलक्स, व्ही-क्रॉस, थार, जिम्नी, गुरखा ह्या सगळ्या पार्ट टाइम. डस्टर एडब्ल्यूडीसारख्या गाड्यांत मागच्या चाकांना ताकद क्लचमधून जाते आणि ऑटोवर असताना क्लच गरजेपुरताच पकडतो म्हणून ती डांबरावर चालते. शेजाऱ्याची चालते म्हणून आपली चालेल असं नाही, आपल्या गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघायचं.

शेवटी केलं काय तर, क्रॉस दोन्ही बदलले, ट्रान्सफर आणि पुढच्या मागच्या हाउसिंगचं ऑइल बदललं, बूट बदलला, आणि पुढे मागच्यासारखेच दोन नवे टायर घातले. टायरवरून शेठ आणि माझी जरा बोलाचाली झाली, त्यांना पुढचे अजून सहा महिने खेचायचे होते. मी म्हटलं खेचा, पण मग फोर एचला हात लावायचा नाही, वाळूत अडकलात तर बैलगाडीवाल्यांना हाक मारा. हर्णैला होड्यांतून मासळी किनाऱ्याला बैलगाड्यांनीच येते, तिथे बैल मिळतीलच, पण रोज कोण ओढून देणार. टायर घेतले. इथून पुढे चारी एकदम बदलायचे आणि मधे पुढचे मागे, मागचे पुढे करत राहायचं म्हणजे झीज सारखी राहील. हवेचंही तेच, वाळूत उतरताना हवा कमी केली तर वर आल्यावर चारी भरायची, दोनच नाही. आणि रोज संध्याकाळी खालून गोड्या पाण्याने धुणं, क्रॉसला ग्रीस.

चेन मात्र बदलली नाही. लांबलीय पण अजून दात सोडत नाही, आणि ऐन सीझनमध्ये गाडी उभी ठेवणं शेठना परवडणारं नव्हतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा गाडी तशीही उभीच असते, तेव्हा ट्रान्सफर उघडून चेन आणि बेअरिंग एकदम करायचं असं ठरलं. तोपर्यंत एप्रिल-मेमध्ये ह्याच गाडीत वाशीला आंब्याच्या पेट्या जातील, तो सगळा रस्ता सुका, तिथे लिव्हरला हातच लावायचा नाही. फोर एच फक्त बंदराच्या वाळूपुरतं, आणि फेब्रुवारीत ऑइलचा बोल्ट एकदा काढून चुंबक बघायचा. लेप पातळ असला तर जूनपर्यंत थांबू, तुकडा दिसला तर सीझन असो नसो गाडी आत घ्यायची, हे शेठनी कबूल केलंय.